सक्ती न करणारं सरकारी मंडळ

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात दर वर्षी एक निवडणूक होते, आणि ज्यांना तिच्यात मत द्यायचा हक्क आहे त्यांतल्या बहुतेकांना ती होऊन गेल्याचा पत्ताही नसतो. नोव्हेंबरच्या मोठ्या मतपत्रिकेवर ती नसते. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत कधीतरी ती उरकते, आणि ती घेतं कोण, तर ज्याची निवडणूक आहे ते मंडळच. सिएटल शहर ज्या किंग कौंटीत (कौंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) आहे तिथे मतदारांची संख्या दहा लाखांच्या वर. पण या निवडणुकीत वर्षानुवर्षं मतदान एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली राहिलेलं आहे. मंडळाचं नाव कॉन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्ट. जमिनीची धूप थांबवणं, पाणी स्वच्छ राखणं, त्यासाठी शेतकऱ्याला सल्ला आणि पैसा मिळवून देणं, हे त्याचं काम. राज्यात अशी 45 मंडळं आहेत.

(हे वॉशिंग्टन म्हणजे राजधानीचं शहर नव्हे, पॅसिफिक किनाऱ्यावरचं, कॅनडाला खेटून असलेलं राज्य.)

मोठ्या कौंटीत ही मंडळं गर्दीत हरवून जातात. ती चालतात कशी हे नीट पाहायचं तर लहान जागा घ्यावी. मी इथे सॅन वान बेटांचं मंडळ घेतो आहे. सिएटलला मुलगा किंवा पुतणी असलेल्या मराठी घरांना हे नाव ओळखीचं असेल; उन्हाळ्यात ऑर्का देवमासे पाहायला लोक तिथेच जातात. अॅनाकॉर्टिस बंदरातून राज्य सरकारची फेरी निघते ती लोपेझ, शॉ, ऑर्कस आणि सॅन वान या चार बेटांना लागते. बाकीच्या बेटांवर जायचं तर खाजगी बोट हवी, नाहीतर छोटं विमान. जमिनीच्या क्षेत्रफळाने ही राज्यातली सगळ्यांत लहान कौंटी. 2020च्या जनगणनेत लोकसंख्या 17,788. नगरपालिका असलेलं गाव सगळ्या कौंटीत एकच, फ्रायडे हार्बर.

फेरीतून दिसतं ते सगळं हिरवंगार, पण ही बेटं पाण्याला तहानलेली आहेत. नैऋत्येला ऑलिंपिक पर्वतरांग उभी आहे आणि बेटं तिच्या पर्जन्यछायेत येतात. माणदेशातल्या वाचकाला पर्जन्यछाया म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. उन्हाळे जवळजवळ कोरडे जातात. बाहेरून वाहत येणारी नदी नाही, वितळून पाणी देणारा बर्फाचा डोंगर नाही. हिवाळ्यात जो पाऊस पडेल तो खडकाच्या भेगांतून जेवढा मुरेल तेवढाच साठा. किनाऱ्याजवळच्या विहिरीतून उपसा वाढला की समुद्र आत सरकतो आणि पाणी मचूळ होतं. कोकणपट्टीतल्या विहिरींना हा अनुभव आहे. लोपेझ बेटावरच्या विहिरींनाही आहे.

शेती लहान. मेंढ्या, गुरं, चारा, भाजीपाला, थोडी फळबाग. एके काळी सफरचंद आणि पेअरच्या बागांसाठी बेटं प्रसिद्ध होती. सगळं फेरीवर अवलंबून. जनावर कापायला बोटीतून मुख्य भूमीवर न्यायचं आणि मांस परत आणायचं, हा खर्च लहान शेतकऱ्याला परवडेना, तेव्हा लोपेझच्या लोकांनी चाकांवरचा कत्तलखाना उभा केला. संघराज्याच्या कृषी खात्याची तपासणी असलेला देशातला पहिला फिरता कत्तलखाना तो हाच, 2002 सालचा. इथल्या लोकांचा स्वभाव कळायला हे उदाहरण पुरेसं आहे.

आणि इथे शेत व समुद्र यांच्यात अंतर असं फारसं नसतंच. ओढ्यात गुरं मोकळी सोडली तर शेण ओढ्यात, ओढा खाडीत, खाडीत शिंपले आणि किनाऱ्यालगत वाढणारे बारके मासे. ते मासे चिनूक जातीचा सामन मासा खातो आणि चिनूक सामनवर जगणाऱ्या या भागातल्या ऑर्कांना 2005 सालीच संघराज्याने धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत घातलं आहे. तेव्हा कुणाच्या कुरणाला कुंपण आहे की नाही, हा प्रश्न त्या माणसापुरता राहत नाही. प्रश्न असा की त्याला ते सांगणार कोण, आणि कुठल्या अधिकाराने.

इथे मंडळातली माणसं येतात. ती पाच असतात. कायद्यात त्यांना सुपरवायझर म्हणतात. आपण सदस्य म्हणू. तिघं लोकांनी निवडलेले, दोघं राज्याच्या कॉन्झर्व्हेशन कमिशनने नेमलेले. मुदत तीन वर्षांची, पण सगळ्यांची एकदम संपत नाही. दर वर्षी निवडणुकीची एक जागा रिकामी होते, त्यामुळे मंडळ कधीच संपूर्ण नवखं नसतं. निवडून आलेल्या तिघांपैकी किमान दोघं जमीनमालक किंवा शेत कसणारे असले पाहिजेत. पगार नाही, मानधन नाही. प्रवासासारखा प्रत्यक्ष खर्च तेवढा मिळतो.

तीन आणि दोन ही विभागणी कुठून आली हे समजायला थोडं मागं जावं लागतं. 1930च्या दशकात अमेरिकेच्या मधल्या मैदानांतली माती वाऱ्याने उडाली. ह्यू हॅमंड बेनेट नावाचा मृदाशास्त्रज्ञ कित्येक वर्षं धुपेविषयी कानीकपाळी ओरडत होता. 1935च्या वसंतात तो संसदेच्या समितीपुढे बोलत असताना मैदानांतून उठलेली धूळ राजधानीपर्यंत येऊन पोचली, असं सांगतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मृदसंधारणाचा कायदा झाला, नवं खातं निघालं आणि बेनेट त्याचा प्रमुख झाला. पण जमीन खाजगी. दिल्लीहून यावा तसा राजधानीतून आलेला साहेब बांधावर उभा राहून नांगर असा धर, तसा धरू नकोस म्हणाला तर कुठला शेतकरी ऐकेल? कृषी खात्यातले एम. एल. विल्सन आणि वकील फिलिप ग्लिक यांनी यावर तोड काढली ती अशी की प्रत्येक राज्याने कायदा करावा, आणि त्या कायद्याखाली शेतकऱ्यांनी स्वतःची स्थानिक मंडळं स्थापावीत. नमुना कायदा तयार झाला. 27 फेब्रुवारी 1937 रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी तो सगळ्या राज्यपालांना धाडला. तीन निवडलेले आणि दोन नेमलेले ही रचना त्या नमुन्यातली आहे: तिघांमुळे मंडळ गावाचं राहतं, दोघांमुळे राज्याचं लक्ष आणि जाणकारी आत येते, आणि मतांची बेरीज केली तर गावाचंच पारडं जड.

पहिलं मंडळ 4 ऑगस्ट 1937 रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्राउन क्रीक इथे झालं, बेनेटच्याच गावाकडे. वॉशिंग्टन राज्याने कायदा केला 1939 साली. आज देशभरात सुमारे 3,000 मंडळं आहेत. आपल्याकडे जवळपास त्याच काळात, 1942 साली, मुंबई जमीन सुधारणा योजना कायदा झाला आणि त्याखाली बांधबंदिस्ती सुरू झाली. तिथे योजना आखणारं सरकार, बांध घालणारं सरकार आणि खर्चाचा वाटा शेतकऱ्याकडून वसूल करणारंही सरकारच. धूप दोन्हीकडे तीच होती.

आता निवडणूक. मंडळ ठराव करून तारीख, वेळ आणि पद्धत ठरवतं: एखाद्या ठिकाणी पेटी ठेवून मतदान, टपालाने, किंवा दोन्ही. मंडळाच्या हद्दीतला कुठलाही नोंदणीकृत मतदार मत देऊ शकतो. त्याच्याकडे एक गुंठा जमीन नसली तरी चालतं. विद्यमान सदस्यानेच फक्त अर्ज भरला असेल तर मतदान होत नाही, तो आपोआप परत येतो. लहान मंडळांत हे अनेकदा घडतं.

मला ही या व्यवस्थेतली सगळ्यांत कच्ची वीट वाटते. ज्यांना निवडायचं त्यांनीच निवडणुकीची तारीख ठरवायची, आणि तीही इतर कुठलंच मतदान नसताना, हे लोकशाहीच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात बसणार नाही. निवडणूक नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर आणा, ही मागणी राज्यात वर्षानुवर्षं होते आहे. तिला मिळणारं उत्तरही पोकळ नाही: त्या मतपत्रिकेवर जागा घेतली की कौंटी खर्चाचा वाटा मागते, आणि चार-दोन कर्मचाऱ्यांच्या मंडळाला तो भरायचा तर ओढ्याकाठची झाडं लावायचे पैसे कमी पडतात. दुसरं असं की मतपत्रिकेवर पन्नास नावं असली की शेवटच्या नावांवर लोक डोळे मिटून खूण करतात. तरी एक टक्का म्हणजे एक टक्का. बेटांवर माणसं एकमेकांना ओळखतात म्हणून तिथे हे थोडं खपून जातं, इतकंच.

नेमणुकीच्या जागांची वाट वेगळी. इच्छुकाने 31 मार्चपर्यंत कमिशनकडे अर्ज करायचा आणि आपल्याला कशाचा अनुभव आहे ते लिहायचं. स्थानिक मंडळाला विचारलं जातं, पण निर्णय कमिशनचा. हे कमिशन दहा जणांचं. त्यात राज्याच्या पर्यावरण आणि कृषी खात्यांचे प्रमुख, सार्वजनिक जमिनींचे निर्वाचित आयुक्त, राज्य विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयाचे डीन, राज्यपालांनी नेमलेले दोघं, मंडळांच्या राज्य संघटनेचा अध्यक्ष, आणि पूर्व, मध्य, पश्चिम या तीन विभागांतल्या मंडळसदस्यांनी आपल्यातून निवडून दिलेले तिघं. म्हणजे वर बसलेल्यांतही खालून आलेली माणसं आहेतच. सदस्याला मुदतीआधी काढायचं असेल तर तेही हे कमिशनच करू शकतं, रीतसर नोटीस आणि सुनावणी घेऊन, आणि कारणं दोनच: कामात हयगय किंवा गैरवर्तन. मत पटत नाही, हे कारण चालत नाही.

पाच माणसं करतात काय? महिन्यातून एकदा बैठक. अध्यक्ष असतो, हिशेब पाहणारा सदस्य असतो. मागच्या बैठकीचं इतिवृत्त, जमाखर्च, मंजूर करायची बिलं, मग कर्मचाऱ्यांचे अहवाल: कुणाच्या शेतात पाहणी झाली, कुठलं अनुदान आलं, कुठला करार संपत आला. त्यानंतर निर्णयाचे विषय. अमक्या शेतातल्या शेणखताच्या शेडला अनुदानातून किती वाटा द्यायचा, वार्षिक आराखड्यात यंदा जंगलातला वाळका पसारा काढायचं काम आधी घ्यायचं की ओढ्यांचं. रोज शेतात जाणारे, नकाशे काढणारे, अर्ज भरून घेणारे ते कर्मचारी. सदस्यांनी व्यवस्थापक नेमायचा, धोरण ठरवायचं, पैशावर नजर ठेवायची आणि रोजच्या कामात बोट घालायचं नाही. हे शेवटचं सगळ्यांत अवघड. ज्याने स्वतः तीस वर्षं मेंढ्या पाळल्या आहेत त्याला पंचविशीतल्या कर्मचाऱ्याने कुरणाचा सल्ला देताना गप्प बसणं जड जाणारच. इंजिनिअर ठेवणं एकेका लहान मंडळाला झेपत नाही, म्हणून शेजारच्या काही मंडळांत मिळून एक अशी सोय राज्याने केली आहे.

बैठक उघडी असते. 1971च्या खुल्या बैठकांच्या कायद्यामुळे कुणीही येऊन बसू शकतो, आणि 2022पासून नियमित बैठकीत निर्णय घेण्याआधी लोकांना बोलण्याची संधी देणं बंधनकारक आहे. या कायद्याची खरी गंमत बेटावर कळते. पाच जणांच्या मंडळात तिघं म्हणजे गणपूर्ती. तिघं मिळून मंडळाच्या कामाविषयी बोलले की कायद्याच्या नजरेत ती बैठक, आणि आगाऊ सूचना न देता घेतलेली बैठक बेकायदा. आता बेटावर वाणसामानाचं मोठं दुकान एखादंच, फेरीची रांग एकच, आणि रांगेत तासभर गाड्या उभ्या. तिथे तिघं भेटणारच. त्यांनी पावसाविषयी बोलावं, नातवंडांविषयी बोलावं. अमक्याच्या अर्जाचा विषय निघाला की एकाने उठून गाडीत जाऊन बसावं. ईमेलवर एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला कळवून मतं जुळवली तरी तोच दोष लागतो. नव्या सदस्याला शपथ घेतल्यापासून 90 दिवसांच्या आत या नियमांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं.

स्वतःच्या हिताचा प्रश्नही लहान जागेत रोज उभा राहतो. शेतकरीच सदस्य असतील तर अनुदानाच्या यादीत कधी त्यांचं, कधी मेहुण्याचं, कधी शेजाऱ्याचं शेत येणार. रीत अशी की संबंध उघड सांगायचा आणि त्या विषयावर मत द्यायचं नाही. मंडळाचे हिशेब राज्याचे ऑडिटर तपासतात.

आणि मुख्य गोष्ट: मंडळाला दंड करता येत नाही, परवाना देता किंवा नाकारता येत नाही, कुणाच्या फाटकातून बोलावल्याशिवाय आतही जाता येत नाही. 1937च्या नमुना कायद्यात मंडळांना जमीनवापराचे नियम करण्याचीही मुभा ठेवलेली होती, सार्वमत घेऊन. ती बहुतेक राज्यांत वापरलीच गेली नाही. वॉशिंग्टनमधली मंडळं आज पूर्णपणे राजीखुशीवर चालतात. काम असं होतं: शेतकरी फोन करतो. कर्मचारी येतो, जमीन पाहतो, माती आणि पाणी पाहतो, आणि दोघं मिळून शेताचा आराखडा करतात: कुरणाचे तुकडे पाडून गुरं फिरवायची कशी, हिवाळ्यात चिखल होऊ नये म्हणून काय करायचं, ओढ्यापासून कुंपण किती मागं घ्यायचं. मग खर्चाचा काही भाग कुठल्या योजनेतून मिळेल ते शोधायचं. सामनच्या ओढ्याकाठी झाडं लावून ती पट्टी राखली तर शेतकऱ्याला दहा-पंधरा वर्षं त्या जमिनीचं भाडं मिळतं, अशीही एक संघराज्य आणि राज्य यांची संयुक्त योजना आहे.

हा शेताचा आराखडा माहितीच्या अधिकारातून वगळलेला आहे. सार्वजनिक पैशातून झालेला कागद, तरी शेतकऱ्याच्या परवानगीशिवाय तो बाहेरच्याला मिळत नाही. पारदर्शकतेच्या भक्तांना हे खुपतं, आणि सहज पटण्यासारखं नाही हे खरं. पण दुसरी बाजू पाहा. आपल्या खताच्या ढिगाचं पाणी ओढ्यात जातं हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. तेच कागदावर उतरून उद्या पर्यावरण खात्याच्या टेबलावर जाणार असेल तर तो फोन करणारच नाही, आणि ढीग तिथेच राहील. मंडळाला हुकूम सोडायचा अधिकार नाही म्हणूनच लोक त्याला घरात घेतात. मला ही सूट योग्य वाटते. तिची किंमत मात्र सदस्यांनी मोजायची असते, कारण आराखडे दाखवता येत नसतील तर काम झालं हे दुसऱ्या कुठल्या तरी मार्गाने दाखवून द्यावं लागतं.

2011 साली राज्याने याच धर्तीवर एक मोठा प्रयोग केला. शेतजमिनीवरच्या नाजूक जागा जपायला नियम लावायचे की स्वेच्छेचा मार्ग धरायचा, हे कौंट्यांनी निवडायचं होतं. 39 पैकी 27 कौंट्यांनी स्वेच्छेचा मार्ग धरला. सॅन वान त्यांतली एक. या मार्गाला अट आहे: ठरवलेली उद्दिष्टं गाठली नाहीत तर कौंटीला पुन्हा नियमांकडे वळावं लागेल. राजीखुशीच्या मागे ही काठी उभी आहे, हे सदस्यांना आणि शेतकऱ्यांनाही ठाऊक असतं.

पैशाचं गणित थोडक्यात. राज्य आणि संघराज्याची अनुदानं, आणि त्याशिवाय कौंटीच्या संमतीने लावता येणारी स्थानिक पट्टी. ही पट्टी मंडळ स्वतः लावू शकत नाही. प्रस्ताव करायचा, जाहीर सुनावणी, मग कौंटी काउन्सिलचा निर्णय, आणि एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी. सगळ्यांत मोठ्या कौंट्या सोडल्या तर कमाल मर्यादा एका जमीनखात्यामागे 5 डॉलर आणि एकरी 10 सेंट. म्हणजे 20 एकरांच्या शेताला वर्षाला फार तर 7 डॉलर. त्याऐवजी सेवाशुल्काच्या रूपाने आकारणी करायची वाटही कायद्यात आहे. अनुदानं बहुधा ठरावीक कामालाच बांधलेली असतात. व्यवस्थापकाचा पगार, कार्यालयाचं भाडं, हिवाळ्यातलं वीजबिल यांना मोकळा पैसा लागतो, तो देणारी ही पट्टी असते. म्हणून एवढ्याशा रकमेसाठी सदस्य सुनावणीत तास तास बसतात.

बाहेरच्याला बेटांवर एक घोटाळा हमखास होतो. लोकांनीच 1990 साली मतदानाने स्थापलेली लँड बँक तिथे आहे. जमीन विकत घेणाऱ्याने व्यवहारावर एक टक्का कर भरायचा आणि त्यातून मोक्याच्या जागा कायमच्या राखायच्या, असं तिचं काम. राज्यात अशी एवढी एकच. शिवाय 1979पासूनचा प्रिझर्व्हेशन ट्रस्ट आहे, तो खाजगी. या दोन संस्था जमीन मिळवतात आणि राखतात. मंडळ जमीन गोळा करत बसत नाही. जमीन ज्याच्या हातात आहे त्याच्याशी बोलतं. घोटाळा हद्दीचाही होतो; मंडळाची हद्द म्हणजे कौंटीची हद्द असं नेहमीच नसतं. थोडं दक्षिणेला आयलंड कौंटीत व्हिडबी आणि कॅमानो ही दोन बेटं एकाच कौंटीत आहेत, पण व्हिडबीचं मंडळ स्वतःचं आणि कॅमानो पलीकडच्या स्नोहोमिशच्या मंडळात.

सदस्य मध्येच सोडून गेला तर? निवडणुकीची जागा असेल तर उरलेले सदस्य बाकीच्या मुदतीपुरता माणूस नेमतात. नेमणुकीची असेल तर कमिशन. खरी अडचण माणसं मिळण्याची असते. बिनपगारी काम, महिन्याची बैठक, ऑडिट, प्रशिक्षण, आणि बेटांवर वय वाढलेली वस्ती. म्हणून अनेक मंडळं सहयोगी सदस्य घेतात. त्यांना मत नसतं, मुदत नसते, निवडणूकही नसते. ते येऊन बसतात, प्रश्न विचारतात, एखाद्या कामाची जबाबदारी घेतात. असं थोडा काळ बसलेला माणूस पुढच्या जानेवारीत अर्ज भरायला निदान काय करायचं ते जाणून असतो.